जुन्या गाडीचं तेल गळतंय? सील बदलायच्या आधी थेंब कुठून येतो ते शोधा

आमच्याकडे बाबांची १९८१ची प्रीमियर पद्मिनी आहे, परळला बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये उभी असते, आणि तिच्या खाली पेव्हर ब्लॉकवर ताटाएवढा काळा डाग आहे. एका पावसाळ्याआधी क्लच हाऊसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मधल्या खोळीच्या, खालून जास्तच टपकायला लागलं म्हणून गॅरेजला दिली, मिस्त्रीने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला इंजिनचं मागचं सील गेलं, गिअर बॉक्स उतरवावा लागेल. उतरवला. चार दिवस गाडी तिकडे, मजुरी वेगळी, सील वेगळं, आणि घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी तोच थेंब. मग रविवारी मी आणि मावसभावाने इंजिन नीट धुऊन बघितलं तर तेल वरून येत होतं, रॉकर कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग मागच्या कोपऱ्यात कडक होऊन फाटलेलं, तिथून तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत हाऊसिंगवर आणि तिथून खाली. पॅकिंग आणलं, अर्ध्या तासात काम झालं. खूप वाईट वाटलं तेव्हा, पैशापेक्षा गिअर बॉक्स उगाच उघडला याचं. हे सगळं लिहायला बसलोय ते त्यासाठीच, जुनी फियाट, अँबेसिडर, जीप कुठलीही असो, आधी थेंब शोधा.

शोधायचं कसं ते सांगतो. गाडीचं पोट एकदा कोरडं ठणठणीत करायचं. डिझेल, जुना रंगाचा ब्रश, कापडाच्या चिंध्या, आणि थोडी मेहनत, दुसरं काही लागत नाही, फक्त इंजिन थंड असताना करा आणि शेवटी पुसून नीट वाळू द्या. वाळल्यावर संशय येईल त्या सगळ्या सांध्यांवर साधी टाल्कम पावडर मारा, रॉकर कव्हर, टायमिंग कव्हर, सम्पची (इंजिनच्या खालच्या तेलाच्या टाकीची) कड, क्लच हाऊसिंगचा जोड, गिअर बॉक्सची शेपटी, मागच्या हाऊसिंगचं (मागच्या दोन चाकांमधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याचं) तोंड. मग दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा म्हणजे तेल गरम होऊन पातळ होईल, आणि आल्याआल्या टॉर्च घेऊन खाली बघा. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ लगेच दिसते. रेघ जिथे दिसते ती जागा नाही, रेघेचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक बघायचं, कारण तेल वरून खाली येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. सम्पच्या पुढच्या कडेचं तेल पार गिअर बॉक्सच्या शेपटीपर्यंत गेलेलं मी बघितलंय. रात्री खाली जुना पुठ्ठा टाका आणि त्यावर पेनाने पुढची चाकं कुठे, मागची कुठे ते लिहा, सकाळी थेंब मोजता येतात, आणि दुरुस्तीनंतर फरक किती पडला तेही त्यावरच कळतं.

तेल कुठलं आहे तेही बोटाने आणि नाकाने कळतं. इंजिन ऑइल वापरलेलं असेल तर काळं, पातळ, जळका वास. गिअर ऑइल घट्ट, चिकट, आणि त्याला गंधकाचा कुबट वास येतो, एकदा हाताला लागला की दिवसभर जात नाही. लाल आणि पातळ असेल तर ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं, आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत हे क्वचितच, पण कोणाकडे अमेरिकन गाडी असेल तर लक्षात ठेवा. बोटाला निसरडं, जवळजवळ रंग नसलेलं, आणि जिथे पडलंय तिथला रंग फुगलाय, तर ते ब्रेक ऑइल, मग बाकी सगळं सोडा आणि गाडी हलवू नका. हिरवट आणि गोडसर वासाचं म्हणजे कूलंट.

आता जागा. क्लच हाऊसिंगच्या खालून काळं इंजिन ऑइल येतंय आणि वरचे सगळे सांधे कोरडे आहेत, तर इंजिनचं मागचं सील. तिथूनच घट्ट, गंधकाच्या वासाचं तेल येतंय तर गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टकडचं सील किंवा पुढच्या कव्हरचं पॅकिंग. दोन्हीसाठी गिअर बॉक्स उतरवावाच लागतो, त्यामुळे एकदा उतरवला की दोन्ही बदलून टाका, क्लच प्लेटही बघून घ्या, तेल लागलेली प्लेट पुसून परत बसवू नका. गिअर बॉक्सच्या शेपटीला गळतंय तर आउटपुट सील, ते प्रॉपेलर शाफ्ट (गिअर बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) सोडवून निघतं. मागच्या हाऊसिंगच्या तोंडाला, जिथे प्रॉपेलर शाफ्ट जोडलाय, तिथे ओलं असेल तर पिनियन सील. आणि मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर तेलाची रेघ दिसली तर अॅक्सल सील, आणि ब्रेक ऑइल सोडलं तर ही एकच गळती आहे जिच्यात मी थांबा म्हणणार नाही, आजच करा म्हणणार, कारण ते तेल ब्रेक शूजवर जातं. परळच्या पुलावरून उतरताना एकाच बाजूचा मागचा ब्रेक लागला की गाडी कशी ओढते ते ज्याने अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको. ड्रम धुऊन चालेल, पण तेल प्यायलेले शूज टाकून द्यायचे, त्यातलं तेल पूर्ण कधीच निघत नाही.

बरं, सील सापडलं. तरी लगेच बाजारात पळू नका, ते गेलं का ते आधी बघा. सील म्हणजे लोखंडाच्या कड्यात रबराची एक पातळ ओठासारखी कड, मागे बारीक स्प्रिंग, आणि ती कड फिरत्या शाफ्टला चिकटून असते. ती आपोआप झिजते हे खरं पण जुन्या गाडीत बहुतेक वेळा दुसरंच कोणीतरी तिला मारत असतं. पहिला संशय ब्रीदरवर. गिअर बॉक्सला आणि मागच्या हाऊसिंगला हवा बाहेर जायला छोटं भोक किंवा टोपी असते, चाळीस वर्षांच्या धुळीने आणि चिखलाने ती बुजते, मग तेल गरम झालं की आत हवा फुगते आणि जायला जागा नसली की सीलमधून तेल ढकलते. तार घाला, डिझेलने धुवा, फुंकून बघा. किती गाड्यांची गळती एवढ्यावर कमी होते. इंजिनचंही तसंच, क्रँककेसची हवा काढणारी नळी तुंबली की सगळे सांधे एकदम ओले होतात, आणि पिस्टन रिंगा झिजल्या असतील तर आतला दाब एवढा असतो की सीलं बदलून काहीच होत नाही.

दुसरा संशय बुशवर, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीवर. प्रॉपेलर शाफ्ट सोडवलात की आउटपुट शाफ्टच्या टोकाला हाताने वर-खाली हलवा. टकटक हलत असेल तर शेपटीतला बुश किंवा बेअरिंग गेलाय, अशा शाफ्टवर नवीन सील महिनाभरही टिकत नाही. आणि तिसरा संशय तेलाच्या लेव्हलवर, कोणीतरी जास्त भरलेलं असतं. गिअर बॉक्सचं तेल भरायचं बूच बाजूला असतं, गाडी सपाट जमिनीवर असताना त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल हवं, बस, त्याच्यावर नको.

मुंबईत अजून एक गोष्ट आहे ती म्हणजे साचलेलं पाणी. हिंदमाताला किंवा सायनला गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की गरम हाऊसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, जुन्या सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. तेलाचं बूच उघडल्यावर तेल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. ते तेल तसंच ठेवलं तर बेअरिंगवर गंज चढतो आणि खर्च सीलचा राहत नाही, क्राऊन-पिनियनचा, म्हणजे मागच्या हाऊसिंगमधल्या गिअरच्या जोडीचा होतो. पाण्यातून गेलेल्या गाडीचं तेल त्याच आठवड्यात बघा.

आता बाजार. टॅक्सी होत्या तोवर पद्मिनीचं सामान म्हणजे पावाएवढं सोपं होतं, कुठल्याही गॅरेजच्या कोपऱ्यात मिळायचं. मुंबईतली शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओला नोंदली होती, आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने २०२३च्या ऑक्टोबर अखेरीस ती रस्त्यावरून गेली. ज्या मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनली तिथेच आता तिचं सामान शोधावं लागतं. तरी मिळतं. चर्नी रोडला उतरून ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, पॅकिंग सेट, बुश, क्रॉस (प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्याचा), वॉटर पंप किट वगैरेसाठी आधी तिकडे. गिअर बॉक्सची बॉडी, झाकणं, अख्खा हाऊसिंग, असं काही हवं असेल तर कुर्ल्याला सीएसटी रोडचं भंगार मार्केट. तिथे जाताना टॉर्च आणि कपडा न्या, कोपऱ्यातला तेलकट गोळा पुसून बघा, बॉडीला तडा आहे का, आटे खाल्लेत का, वरचं झाकण उघडायला सांगून दातांचे तुकडे उडालेत का ते बघा, शाफ्ट हाताने फिरवून खरखर लागते का ते बघा. आणि बिल मागा, नंबर कोरलेला भाग असेल तर नक्कीच मागा, चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

पण सील आणि बेअरिंगसाठी मी या दोन्हीकडे जात नाही, मी नागदेवी स्ट्रीटला जातो, क्रॉफर्ड मार्केटच्या मागे, मस्जिद स्टेशनपासून चालत. तिथे गाडीचं नाव सांगायचंच नाही, माप सांगायचं. हे मला फार उशिरा कळलं म्हणून जोर देऊन लिहितोय. तुम्ही पद्मिनीचं सील द्या म्हणालात तर दुकानदार म्हणणार बंद झालं साहेब, आणि ३५-५२-७ द्या म्हणालात तर डबा काढून समोर ठेवणार, कारण तेच माप कुठल्यातरी पंपात नाहीतर मशीनमध्ये लागतंच. पहिला आकडा शाफ्टचा व्यास, दुसरा सील ज्या भोकात बसतं त्याचा, तिसरा जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये, आणि बहुतेक वेळा जुन्या सीलच्या तोंडावर ते कोरलेलं असतं. मी वर दिलेले आकडे फक्त उदाहरण आहेत, तुमच्या गाडीचं माप तुम्हीच घ्या. पुसलं गेलं असेल तर व्हर्नियरने मोजा, पण जुन्या सीलचं रबर मोजू नका ते पसरलेलं असतं, शाफ्ट आणि भोक मोजा. जुनं सील सोबत न्याच, फेकू नका.

अँबेसिडरवाल्यांनी एक लक्षात घ्या, ती मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, ब्रिटिश गाडी, त्यामुळे बरीच मापं इंचात. दीड इंच म्हणजे ३८.१ मिलिमीटर, ३८चं सील चालून जाईल असं वाटतं पण भोकात फिटिंग कशी बसते ते बघितल्याशिवाय घेऊ नका. आणि सामान शोधताना गाडीची मूळ ओळख वापरा. पद्मिनी म्हणजे फियाट ११०० डी, त्या नावाने इटलीतल्या विक्रेत्यांकडे शोधलं तर पॅकिंग सेटपासून बरंच काही निघतं. जुन्या पेट्रोल अँबेसिडरचं इंजिन बीएमसीचं बी सिरीज, एमजीए आणि एमजीबी या स्पोर्ट्स गाड्यांतही त्याच घराण्यातलं इंजिन, आणि त्या गाड्यांचं सामान इंग्लंडमध्ये आजही भरपूर बनतं. जुन्या महिंद्रा जीपला विलीस सीजे-३बी म्हणून शोधा. कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरून हिशोब करा, सीलसाठी कधीच परवडत नाही, सिंक्रो रिंग (गिअर खडखड न करता पडावा म्हणून असलेली रिंग) किंवा गिअरसाठी परवडतं.

सीलच्या बाबतीत जुन्या डब्यातल्या मालाच्या मोहात पडू नका. लोखंडाचा गिअर ४० वर्षं डब्यात राहिला तर सोनं आहे, पण रबराचं सील तेवढी वर्षं डब्यात राहिलं की कडक होतं. ओठाला नखाने दाबून बघा, मऊ वाकून लगेच परत यायला हवा, चीर दिसली तर घेऊ नका. साधं नायट्राइल रबर १०० डिग्रीच्या आसपास चालतं, गिअर बॉक्स आणि मागच्या हाऊसिंगला पुरतं. इंजिनच्या शाफ्टला मी व्हायटॉन घेतो, २०० डिग्रीपर्यंत सोसतं, महाग आहे पण परत सगळं उतरवायची मजुरी त्याहून महाग. रंगावरून ओळखू नका, दुकानदाराला विचारा. काही सीलांवर बाण असतो, तो शाफ्ट फिरायच्या दिशेचा, उलट्या दिशेचं बसवलं तर ते तेल आत न ओढता बाहेर ओढतं.

कामाला लागताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, कधीच नाही, विटाही नकोत, लोखंडी स्टँड लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मग तेल काढायच्या आधी तेल भरायचं बूच उघडून बघा. खालचं बूच आधी काढलं, तेल वाहून गेलं, आणि वरचं गंजलेलं बूच निघालंच नाही तर गाडी रिकाम्या गिअर बॉक्सवर अडकली. जुन्या गाडीत हे होतंच होतं.

जुनं सील काढताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना भोकाला ओरखडे पडतात आणि मग बाहेरच्या कडेने गळतं. त्यापेक्षा सीलच्या पत्र्याला बारीक भोक पाडून त्यात स्क्रू घट्ट करा आणि पकडीने सरळ ओढा, फक्त ड्रिल शाफ्टला लागू देऊ नका. आता शाफ्ट पुसून बोटाचं नख आडवं फिरवा. नख अडकेल अशी खाच असेल तर नवीन सीलही त्याच खाचेत बसून गळणार. खाच उथळ असेल तर बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून शाफ्टच्या गोलाईने फिरवा, लांबीने घासू नका, लांबीचे ओरखडे म्हणजे तेलाला बाहेर यायचे रस्ते. सील भोकात दीड-दोन मिलिमीटर कमी किंवा जास्त आत बसवता येत असेल तर ओठ कोऱ्या जागेवर येतो, ही सगळ्यात स्वस्त युक्ती. खाच खोल असेल तर शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडी, सील तेच राहतं. तीही नाही मिळाली तर लेथवाल्याकडे शाफ्ट द्यायचा.

नवीन सील बसवताना ओठ आणि स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे आत. ओठाला ग्रीस लावा, कोरडं बसवलं तर पहिल्या दहा सेकंदांतच जळतं. शाफ्टला दाते असतील तर त्यावर टेप गुंडाळा नाहीतर ओठ चिरतो, बसवून झाल्यावर टेप काढा. सीलच्या व्यासाएवढा पाइपचा तुकडा किंवा मोठं सॉकेट ठेवून हळूहळू चारी बाजूंनी ठोका, एका बाजूला तिरकं गेलं की काढा, पत्रा वाकलेलं सील परत वापरू नका.

पिनियन सीलला मात्र वेगळी काळजी. तिथला मोठा नट नुसता फ्लँज (प्रॉपेलर शाफ्ट जोडायची चकती) धरून ठेवत नाही, बऱ्याच गाड्यांत पिनियन बेअरिंगचा दाब त्याच्यावरच ठरलेला असतो, आत दबणारी नळी असते. म्हणून सोडवायच्या आधी नट, फ्लँज आणि शाफ्टच्या टोकावर छिन्नीने खुणा करा, बाहेर किती आटे दिसतात ते मोजून लिहून ठेवा, आणि परत त्याच खुणेवर आणा. पाइप लावून जोरात आवळला की बेअरिंग घट्ट होतो, गाडी पन्नासच्या वर गेली की घुरघुर ऐकू येते.

पॅकिंग तयार मिळालं नाही तर घरी कापा, यात लाजण्यासारखं काही नाही, आपले जुने मिस्त्री असंच करायचे. पॅकिंग पेपर झाकणावर ठेवून कडेने छोट्या हातोडीने हलकं ठोकत जायचं, कडेचा ठसा उमटतो आणि कागद कापला जातो, भोकांना गोल डोक्याची हातोडी. आधी भोकं, दोन बोल्ट लावून कागद पक्का करा, मग कडा. बोल्ट आवळताना एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नको, मधून बाहेर, समोरासमोर, आणि कॉर्कच्या पॅकिंगला फार जोर नको, ते बाजूने बाहेर येतं. सिलिकॉन सीलंटची अगदी बारीक रेघ, आत लोंबणारे तुकडे सुटून तेलाच्या जाळीत जाऊन बसतात. तेलाच्या बुचाखालचा तांब्याचा वायसर लाल होईपर्यंत गॅसवर तापवून पाण्यात टाका, परत मऊ होतो. आणि जुनं पॅकिंग खरवडताना, ब्रेक ड्रम आणि क्लच साफ करताना हवा मारू नका, त्या काळच्या मालात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या कपड्याने पुसा. फार जुन्या गाड्यांत रबराऐवजी नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड तुकडा) असतो, तो नवीन कापून कोमट तेलात भिजवून बसवला तर पुष्कळ चालतो.

काही गाड्या थोडं गळणारच, तेही मान्य करावं लागतं. बी सिरीजच्या जुन्या इंजिनांना मागे सील नसून शाफ्टवर कोरलेले उलटे आटे असतात, फिरताना ते तेल आत ढकलतात, उभी असताना काहीच अडवत नाहीत. अशा गाडीचं तोंड चढाच्या बाजूला करून उभी केली की थेंब पडतात, हाऊसिंगच्या खालच्या भोकातली कॉटर पिन तेल बाहेर जावं म्हणूनच असते, ते भोक बुजवू नका नाहीतर तेल क्लचवर जाईल. तसंच विलीस जीपमध्ये गिअर बॉक्सचं तेल ट्रान्सफर केसमध्ये उतरतं, एकीकडे कमी दुसरीकडे जास्त, दोन्ही लेव्हल एकत्रच बघायच्या.

शेवटी तेल. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या गिअर बॉक्सला जीएल-४ (ही गिअर ऑइलची प्रत, डब्यावर लिहिलेली असते) मिळतंय तोवर जीएल-५ घालू नका, त्यातली गंधकाची रसायनं पितळ खातात. मागचं क्राऊन-पिनियन हायपॉइड (पिनियन क्राऊनच्या मध्याच्या खाली बसवलेला) असेल तर तिथे मात्र ईपी, म्हणजे जास्त दाब सोसणारं तेल लागतंच. गळती थांबवणाऱ्या बाटल्या मी वापरत नाही, त्या रबर फुगवतात, दोन महिने बरं वाटतं आणि मग सील लगद्यासारखं होतं. काम झालं की शंभर किलोमीटरनंतर लेव्हल परत बघा, नवीन पॅकिंगचे बोल्ट एकदा हलके आवळा, खाली नवीन कोरा पुठ्ठा टाका. काढलेलं तेल डब्यात भरून ज्या गॅरेजमध्ये जुन्या तेलाचा ड्रम असतो तिथे द्या, गटारात नको, ते सगळं जाऊन समुद्रातच पडतं. आमच्या पद्मिनीचा पुठ्ठा आता आठवड्याला दोन थेंबांवर आलाय, दोन्ही पिनियनच्या खाली, आणि त्या सीलचं माप मी कालच घेऊन ठेवलंय.